हॅव, हॅड आणि आपण: तुमचं कुठे अडलं?

काजवा
भाचीच्या वहीत काल लाल रेघ दिसली. वाक्य होतं, 'आय हॅव फिनिश्ड माय होमवर्क यस्टरडे.' बाईंनी हॅव खोडलंय, कारण लिहिलेलं नाही. ती विचारते, "मावशी, 'मी कालच अभ्यास संपवलाय' बरोबर आहे ना? मग इंग्रजीत का चूक?"

मला एकदम पहिली नोकरी आठवली. साहेबांना मेल केला होता, 'आय हॅड सेंट द रिपोर्ट.' उलट उत्तर आलं, 'अँड देन?' दोन दिवस झोप नाही, वाटलं रिपोर्टच चुकला. मराठीत 'मी रिपोर्ट पाठवला होता' एवढ्यावर बोलणं संपतं. इंग्रजी वाचणारा मात्र हॅड दिसलं की भूतकाळातल्याच नंतरच्या गोष्टीची वाट बघतो: पाठवला होता, आणि मग काय झालं? कोष्टक तोंडपाठ होतं, पण हे कुणी सांगितलंच नव्हतं. तुमचे अनुभव लिहा ना, भाचीला वाचून दाखवणार आहे.

पाऊलवाट
प्रश्न अगदी नेमका विचारलाय भाचीने! आपल्याकडे 'कालच फॉर्म भरलाय' बिनधास्त चालतं. इंग्रजीत हॅवशेजारी संपलेली वेळ बसत नाही. यस्टरडे, लास्ट वीक, इन 2015, काहीच नाही. टुडे, धिस वीक चालतं, कारण तो दिवस, तो आठवडा अजून चालू आहे. 'काल' सांगायचंच असेल तर सरळ 'आय फिनिश्ड'.

रातराणी
सिन्स!!! मुलाखतीत म्हणाले, 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.' एका वाक्यात दोन चुका. 'हॅव बीन वर्किंग' हवं आणि 'फॉर फाइव्ह इयर्स'. सिन्सला सुरुवात लागते (सिन्स 2019), फॉरला लांबी. आणि ते हॅड हॅड काय प्रकार आहे तेही सांगा कुणीतरी, बाळ उठलं

उंबरठा
माझं बीन आणि गॉन. ऑफिसातली एक जण बँकेत गेली होती, तिचा फोन मी घेतला. म्हटलं, 'शी हॅज बीन टू द बँक.' समोरचे 'ओके' म्हणाले आणि लाइन धरून बसले! बीन म्हणजे जाऊन परत आली, गॉन म्हणजे अजून तिकडेच.

काजवा
उंबरठा 😄 किती वेळ धरून होते?

उंबरठा
ती येईपर्यंत. भला माणूस.

दीपमाळ
मी शिकवते. निबंधात हमखास येतं: 'मेरी क्युरी हॅज वन टू नोबेल प्राइझेस.' बक्षिसं 1903 आणि 1911ची, 1934मध्ये त्या गेल्या. त्यांच्या आयुष्याची गोष्ट पूर्ण झाली, म्हणून नुसतं वन. हयात लेखिकेला 'हॅज रिटन टेन बुक्स' शोभतं, अकरावं येऊ शकतं.

सांजवात
दीपमाळ, तुमचं वाचून थांबले. मैत्रीण गेली तेव्हा तिच्यावर चार ओळी इंग्रजीत लिहायच्या होत्या. सवयीने लिहून गेले, 'आय हॅव नोन हर फॉर ट्वेंटी इयर्स.' मग वाचलं. हॅव नोन खोडून न्यू केलं. तोवर रडले नव्हते.

पाऊलवाट
सांजवात 🙏

रातराणी
सांजवात, जवळ असते तर येऊन बसले असते.

सांजवात
लिहून बरं वाटलं. तुम्ही बोला, वाचतेय.

चकवा
अमेरिकन लोकांबरोबर काम करतो. ते 'डिड यू ईट यट?' म्हणतात. ब्रिटिश वळणाने शिकलेल्या मला ते वर्षभर चूक वाटायचं. चूक नाही, तिकडची रीत आहे. जस्ट, ऑलरेडी, यट यांच्याबरोबर ते साधा भूतकाळ सर्रास वापरतात.

दीपमाळ
बरोबर. पण परीक्षेत मुलांनी हॅवच लिहावं असं मला वाटतं, तपासणारे धरून बसतात. गोष्ट लिहिताना मात्र उलटी तऱ्हा, ओळीओळीला हॅड! मागे गेल्याचं एकदा-दोनदा कळलं की पुढे साधा भूतकाळ पुरतो. बिफोर, आफ्टर असेल तर क्रम त्या शब्दातूनच कळतो, हॅड नसलं तरी चालतं.

रातराणी
झोपलं एकदाचं. हॅड हॅड?

दीपमाळ
'शी हॅड हॅड फीव्हर बिफोर द एक्झाम.' पहिलं हॅड काळाचं, दुसरं हॅवचं तिसरं रूप. 'हॅड ईटन'मध्ये ईटन असतं ना, त्या जागी.

रातराणी
अरे हो! इतकी वर्षं छापायची चूक समजून एक हॅड खोडत होते.

काजवा
भाची शेजारी बसून वाचतेय. विचारते, तिसरंही हॅड येऊ शकतं का?