फिलिप राउंड यांच्या कामाविषयी

प्रश्न : थायलंडच्या पक्ष्यांविषयी वाचताना फिलिप राउंड हे नाव वारंवार भेटते. त्यांचे नेमके कार्य कोणते?

प्रतिसाद १ : मूळचे ब्रिटिश असलेल्या राउंड यांनी थायलंडलाच कर्मभूमी मानले आणि बँकॉकच्या माहिडोल विद्यापीठात अध्यापन केले. 1952 नंतर रानात कोणाला न दिसलेला गर्नीचा नवरंग (गर्नीज पिट्टा) हा पक्षी त्यांनी व उथाई त्रीसुकोन यांनी 1986 मध्ये दक्षिण थायलंडमधील सखल जंगलात पुन्हा शोधला. 1991 मध्ये बूनसाँग लेखाकुन यांच्यासह त्यांनी थायलंडच्या पक्ष्यांची मार्गदर्शिका लिहिली.

प्रतिसाद २ : मला मात्र त्यांना सापडलेला वटवट्या हा छोटा पक्षी अधिक मोलाचा वाटतो. मार्च 2006 मध्ये, बँकॉकजवळच्या लेम फाक बिया येथील सांडपाणी प्रक्रिया केंद्रात ओळखीसाठी पक्ष्यांच्या पायांत कडी घालताना, आखूड पंखांचा आणि लांब चोचीचा एक तपकिरी वटवट्या त्यांच्या हाती आला. ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ ए. ओ. ह्यूम यांनी 1867 मध्ये सतलजच्या खोऱ्यात मिळवलेल्या नमुन्याशी त्याच्या पिसांतील डीएनए जुळला.

प्रश्नकर्ता : म्हणजे आपल्याकडचाच पक्षी तिथे सापडला! आभारी आहे.

प्रतिसाद २ : गर्नीच्या नवरंगाचे शास्त्रीय वर्णनही ह्यूम यांनीच 1875 मध्ये केले होते.