पॅकेट कॅप्चर म्हणजे डिस्कची नासाडी??

हिंगणा_रूट:
काल इथं एका भाऊनं लिहिलं की सगळी ट्रॅफिक एनक्रिप्टेड असते, नेटवर्कवरचे पॅकेट कॅप्चर करून, म्हणजे जसेच्या तसे साठवून, कचराच गोळा होते, त्यापेक्षा प्रत्येक मशीनवर ईडीआर (आत बसून नजर ठेवणारा एजंट) टाका अन् निवांत झोपा. डोकंच फिरलं. पीएलसीवर (कारखान्याची यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरवर) कोणता एजंट टाकता बावा? बुटीबोरीच्या एका प्लांटमध्ये एचएमआय (मशीन चालवायचा स्क्रीनवाला कॉम्प्युटर) अजून विंडोज ७ वर आहे, त्यात काही टाकलं की मशीनवाले एएमसी (देखभालीचा करार) रद्द करतो म्हणतात, मग स्विचला मिरर पोर्ट (ट्रॅफिकची नक्कल बाहेर देणारा पोर्ट) लावून नुसतं ऐकत बसणं हाच उपाय. आतलं वाचता नाही येत, मान्य. पण कोण कोणाशी, किती बाइट, किती वेळानं, हे तं दिसते ना! त्याच एचएमआयवरून दर मिनिटाला एकाच अनोळखी डोमेनची डीएनएस क्वेरी (डोमेनचा पत्ता विचारणं) जाऊन राहिली होती, रात्री प्रॉडक्शन लाइन बंद असतानाही. झीकच्या (ट्रॅफिक पाहून नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) लॉगमध्ये सापडलं.

मिहानवाली:
ते मी लिहिलं होतं, आणि मी भाऊ नाही. प्लांटचं उदाहरण घेऊन ऑफिसवाल्यांना काऊन शिकवता? टीएलएस १.३ (वेबच्या एनक्रिप्शनचा प्रोटोकॉल) आल्यापासून, म्हणजे २०१८ पासून, साइटची ओळख देणारं सर्टिफिकेटही झाकलेलं जातं. डीएनएस एचटीटीपीएसमधून गेला की तुमचं झीक बसलं टाळ्या वाजवत. १ गिगाबिटची लाइन भरून वाहिली तर सेकंदाला १२५ एमबी, दिवसाला जवळपास ११ टीबी. पैसे कोण देणार?

हिंगणा_रूट:
सॉरी ताई. पण सगळंच साठवा म्हटलं कोणी? पूर्ण पीकॅप (कॅप्चरची फाइल) दोन-तीन दिवसांचं रिंग बफरमध्ये, म्हणजे जुनं पुसून नवं लिहायचं, फ्लो अन् मेटाडेटा (कोण कोणाशी, किती बोललं याच्या नोंदी) महिनोन्महिने. ईसीएच (साइटचं नाव झाकायची सोय) नसेल तर साइटचं नाव क्लायंट हॅलोमध्ये, म्हणजे जोडणीच्या पहिल्या निरोपात, उघडंच जाते. सर्ट-इननं (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २०२२ मध्येच १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगितलेत.

तर्रीवाला:
तुम्ही दोघं भांडा, पण मिरर पोर्टवर भरवसा?? १ गिगच्या पोर्टवर येणारं-जाणारं मिळून २ गिग, मिररमधून निघणार १. बाकीचं स्विच गुपचूप फेकून देते अन् तुम्ही म्हणता लॉगमध्ये काही नाही. टॅप लावा, म्हणजे तारेतच बसून सगळ्याची नक्कल देणारं यंत्र.

रात्रपाळी:
टॅप म्हणे! आमच्याकडं लाइटबिल वाचवायला सर्व्हर रूमचा एसी रात्री बंद करतात. मे महिन्यात. नागपुरात! कॅप्चर बॉक्स गरम होऊन आपोआप बंद पडते, सकाळी पाहावं तं नेमकी रात्रच गायब.

तर्रीवाला:
आमच्या जुन्या हापिसात कूलर लावला होता. खस टाकून. रॅकवर गंज चढला पण वास मस्त.

रात्रपाळी:
हसू नका बे, आमच्याकडं त्याचंच कोटेशन आलंय.

हिंगणा_रूट:
सर्व्हर रूममध्ये कूलर लावणाऱ्याला आयटीतून हाकला आधी! धागा कशाचा, चाललं काय!

मिहानवाली:
कूलर राहू द्या. माझ्या आधीच्या कंपनीत याच मेटाडेटातून कोण नोकरीच्या साइट उघडतं त्याची यादी एचआरकडे जायची. सिक्युरिटीच्या नावाखाली. माझ्या मैत्रिणीची नोकरी त्यातच गेली. त्यावर लिहा ना लांबलचक.

हिंगणा_रूट:
ते चूकच. पण दोष लॉग मागणाऱ्याचा अन् देणाऱ्याचा, झीकचा नाही.

मिहानवाली:
लॉग असला की मागणारा येतोच. बरं, एजंट जिथं चालतच नाही तिथं लावा तुमचं कॅप्चर, तेवढं कबूल. खूश? ऑफिसच्या वायफायजवळ फिरकू नका.

तर्रीवाला:
अन् टॅपचं कोणी बोललंच नाही.