मदत हवी आहे: गॅरेजच्या तापलेल्या दाराला आतून काय लावू?

मंडळी, राहतो अमेरिकेत फीनिक्सला, मूळचा अकोल्याचा. त्यामुळे उन्हाचं मला कुणी सांगू नये अशी घमेंड होती. २०२३ मध्ये इथे सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३ सेल्सियसच्या, खाली आलं नाही, तेव्हा ती उतरली.

तर दार. दोन गाड्यांचं, १६ बाय ७ फुटी, चार आडव्या फळ्यांचं, आतून नुसता उघडा पत्रा. तोंड पश्चिमेला, रंग गडद तपकिरी. दुपारी तीनपासून दिवस मावळेपर्यंत ऊन थेट त्यावर. परवा संध्याकाळी पाचला इन्फ्रारेड थर्मामीटर धरला, आतल्या बाजूने पत्रा १४३ फॅरनहाइट.

गॅरेजच ते, तापू दे, असं म्हणाल. पण मी दरवर्षी शाडूचा गणपती तिथे करतो. गेल्या वर्षी मूर्ती दोन दिवसांत कडकडीत वाळली आणि सोंडेपासून पोटापर्यंत भेग गेली. बुजवली, शेजारून दुसरी गेली. घरात माती आणायला बंदी आहे (गालिचा पांढरा आहे, आणखी काही विचारू नका). शिवाय गॅरेजला लागून मुलीची खोली आहे, तिची भिंत रात्री अकरापर्यंत गरम लागते.

दुकानात तीन प्रकार दिसले: बबल फॉइलचा रोल, थर्माकोलच्या कापलेल्या पाट्या आणि फायबरग्लासच्या गाद्या. फॉइल सगळ्यात स्वस्त. तेवढ्यावर भागेल का? आणि वजन वाढून दाराची स्प्रिंग बिघडते, हे खरं का?

प्रतिसाद १

आम्ही डॅलसला हे केलंय. फॉइल पत्र्याला चिकटवून लावाल तर पैसे वाया. चकचकीत बाजू उष्णता रोखते ती समोर हवेची पोकळी असेल तरच, निदान पाऊण इंच. चिकटवलं की उरतो तो पातळ बबलचा थर, त्याची आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवण्याची ताकद, नगण्य.

थर्माकोलला इंचाला साधारण ४ धरा, पॉलिआयसो नावाच्या कडक फोमच्या पाट्यांना ६ च्या आसपास. पाट्या फळीच्या चौकटीत बसतील अशा कापा, सांध्यावर आणू नका, नाहीतर दार वळताना मोडतात. फोम उघडा ठेवायला चालणाराच घ्या, आगीच्या नियमांमुळे सगळे चालत नाहीत. तिकडे महाराष्ट्रात २०१८ पासून मखराच्या थर्माकोलवर बंदी आणि इकडे आपण तो दाराला लावतोय, असो.

वजनाचं खरं आहे. फोम हलका, फायबरग्लास थोडा जड, पण परीक्षा दोन्हीची घ्या. दार बंद करून लाल दोरी ओढा, म्हणजे मोटर सुटेल. मग हाताने दार कमरेपर्यंत उचलून सोडा. तिथेच राहिलं तर ठीक. खाली आलं तर माणूस बोलवा. वरच्या दांड्यावरच्या स्प्रिंगला स्वतः हात लावू नका, ती सुटली तर हात जातो.

प्रतिसाद २

नागपूरकर आहे, गॅरेज नाही, दुकान आहे. पश्चिमेच्या शटरला आतून काहीही लावलं तरी पत्रा तापतोच. ऊन बाहेरच अडवा. आम्ही समोर दोन फूट जागा सोडून हिरवी शेडनेट बांधतो. तेवढं करा आधी.

धागाकर्ता

अहो, बरोबर आहे, पण इथे एचओए नावाची सोसायटी आहे. नेट बांधली की दुसऱ्या दिवशी पत्र येईल. पांढरा रंग देऊ का विचारलं, तर मंजूर रंगांच्या यादीत तपकिरीच्याच चार छटा. दीड इंची पॉलिआयसो घ्यायचं ठरतंय. खालचं रबर कुरतडल्यासारखं झालंय, तेही बदलतो. आणि गॅसचा वॉटर हीटर गॅरेजमध्येच आहे, सगळ्या फटी बुजवून चालेल का?

प्रतिसाद १

दाराच्या कडा बुजवा, पण हीटरसाठी भिंतीला जाळ्या असतील त्यांना हात लावू नका. त्याला जळायला हवा लागते.

एक आधीच सांगतो. फोमने गॅरेज एसीसारखं गार होणार नाही, ऊन आत यायला वेळ लागेल इतकंच. बाहेरून आणलेल्या गाडीचं गरम इंजिन तासभर आतच धगधगतं, तीही उष्णता मग लवकर निघत नाही. आल्यावर गाडी थोडा वेळ बाहेर ठेवा. मुलीच्या खोलीला फरक जाणवेल. मूर्तीला मात्र दारापेक्षा ओलं फडकं कामाचं. वर प्लॅस्टिक झाका, रोज थोडं थोडं उघडा, म्हणजे सावकाश वाळेल.

धागाकर्ता

गाडीचं डोक्यातच आलं नव्हतं. आजपासून ती बाहेर. फडक्याचं आई फोनवर गेल्याच वर्षी म्हणाली होती, मी ऐकलं नाही. पाट्या शनिवारी आणतो, त्या आठवड्यात पुन्हा थर्मामीटर धरून आकडा इथे टाकतो.