झुरळाचे पाय कोणाचे? (सोसायटी ग्रुप)

बी ४०२: ती काळी-पांढरी मांजर कोणाची? आमच्या पॅसेजमध्ये सकाळी झुरळाचे नुसते पाय आणि पंख पडलेत, बाकी माल गायब

ए १०१: आमची मनी ती. थँक्यू म्हणा काका तिला

बी ४०२: म्हणूनच म्हणतो, पेस्ट कंट्रोलला पैसे कशाला? जिन्यात अजून दोन मांजरं ठेवू की

ए १०१: अहो तसं नाही होत, मी रोज बघते ना. पोट गच्च भरलेलं असलं तरी काही हललं की ही उठलीच, तिची भूक वेगळी आणि शिकारीची खोड वेगळी. आधी पंजाखाली दाबणार मग सोडणार मग परत धरणार. आणि अगदी नाकासमोर आलं की तिला ते नीट दिसतच नाही, मांजरांना वीतभराच्या आतलं धूसर दिसतं, मग मिशा पुढे करून चाचपत बसते. झुरळ गप्प राहिलं तर संपलंच, तिला ते सापडतच नाही. एका झुरळाला अर्धा तास, आणि तोवर सिंकखाली ती बारकी तपकिरी जात एकेका अंडकोशात ३०-४० अंडी घेऊन फिरतेय, कुठे पुरणार आमची मनी

सी ३०१: आमचा बोका झुरळाकडे बघत पण नाही, ट्यूबलाइटवर पतंग आला की खालून दात कटकट वाजवतो फक्त. परवा मधमाशीला पंजा मारला आणि ओठ हा एवढा सुजला

ए १०१: सूज गळ्याकडे गेली किंवा धाप लागली तर थांबू नका हं, लगेच व्हेट

बी २०३: २०२३ चा एक अभ्यास वाचलाय मी, जगभरातली मांजरं २,०८४ जातींचे प्राणी खातात. कीटक त्यात कमी दिसतात कारण चावून झाल्यावर कोणता किडा होता ते ओळखता येत नाही. खालच्या बागेतली फुलपाखरं जरा जपा

सी ३०१: पण ताई झुरळ खाल्लं तर चालतं का?

ए १०१: एखाद्याने सहसा काही होत नाही, घशात पाय टोचले तर ओकेल. झुरळ, रातकिड्यांतून जंत मात्र जाऊ शकतात, तेव्हा जंताचं औषध व्हेटला विचारून वेळच्या वेळी द्या. मला खरी भीती फवारणीची आहे. त्यात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असू शकतं, ते मांजराच्या शरीरात नीट मोडतच नाही, कुत्र्याच्या गोचिडांचं त्यातलं औषध चुकून मांजराला लावलं तर फिट येतात, जीवही जातो. म्हणून फवारणीच्या दिवशी मांजर घरात बंद आणि फरशी पूर्ण सुकेपर्यंत बाहेर नाही

सेक्रेटरी: ओके. फवारणीची तारीख दोन दिवस आधी टाकतो

ए १०१: तारखेबरोबर डब्याच्या लेबलचा फोटो पण टाका प्लीज, "हर्बल आहे" एवढ्यावर नको

बी ४०२: ते सगळं बरोबर आहे, पण ते पाय कोण उचलणार?

ए १०१: आले आले, झाडू घेऊन