युनियनमध्ये भ्रष्टाचार शिरतो तो नेमका कुठून?

मिलपरिसर (इंदूर) यांचा प्रश्न

आमच्या वाचनालयाच्या अभ्यासगटात कामगार युनियनांच्या इतिहासावर मला बोलायचे आहे. इंदूरच्या श्रोत्यांना हा विषय परका नाही. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या देण्यांपोटी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश २५ डिसेंबर २०२३ रोजी निघाला. तोवर ज्यांच्या घामाचे ते पैसे होते त्यांतले कितीतरी जण हयात राहिले नव्हते. अशा प्रसंगी ‘पुढारी विकले गेले’ हे वाक्य हमखास ऐकू येते, पण त्याने काहीच उलगडत नाही.

तुलनेसाठी मी अमेरिकेतील ‘युनायटेड माइन वर्कर्स’ ही कोळसा खाण कामगारांची संघटना निवडली आहे. जॉन एल. लुईस यांच्यासारखा कर्तबगार अध्यक्ष १९२० पासून १९६० पर्यंत लाभलेली ही संघटना पुढच्या दहा वर्षांत इतकी कशी घसरली, की टोनी बॉइल या अध्यक्षाने प्रतिस्पर्ध्याचा खून करवला? हा एका माणसाचा दुष्टपणा मानावा, की घसरण आधीच सुरू झाली होती?

वर्गणीदार

माझ्या मते आधीच, आणि तीही लुईस यांच्याच हातून. लुईस यांनी खाण कामगारांना जे मिळवून दिले ते थोडेथोडके नव्हते: १९४६ च्या करारातून कल्याण व निवृत्ती निधी उभा राहिला, त्यात खाणमालकांना कोळशाच्या प्रत्येक टनामागे रक्कम भरावी लागे आणि त्यातून पुढे दवाखाने निघाले. पण आपल्या कारकिर्दीत त्यांनी बहुतेक जिल्हा शाखांची स्वायत्तता काढून घेतली. शाखेचा अध्यक्ष कामगारांनी निवडायचा सोडून वरून नेमला जाऊ लागला, त्यामुळे तो खाली उत्तर द्यायचा थांबला आणि वर तोंड करून बसला. १९४९ मध्ये संघटनेने वॉशिंग्टनमधील एक बँक विकत घेतली आणि निधीतील कोट्यवधी डॉलर तिथे बिनव्याजी पडून राहिले. निधीच्या विश्वस्तांनी हा गैरव्यवहार केल्याचे न्यायालयाने १९७१ मध्ये ठरवले. इकडे निवृत्त कामगारांना पेन्शन नाकारले जात होते.

१९६३ मध्ये अध्यक्ष झालेल्या बॉइल यांच्या हाती हे यंत्र आयते आले. त्यांची मुलगी आणि भाऊ संघटनेच्या पगारावर होते. २० नोव्हेंबर १९६८ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ७८ जण दगावले, तेव्हा तिथे जाऊन कामगारांच्या या अध्यक्षाने कंपनीच्या सुरक्षा व्यवस्थेची वाखाणणी केली. पुढच्याच वर्षी जोसेफ याब्लोन्स्की त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. ९ डिसेंबर १९६९ च्या मतदानात सुमारे ८० हजार विरुद्ध ४६ हजार मतांनी बॉइल विजयी घोषित झाले आणि ३१ डिसेंबरच्या पहाटे याब्लोन्स्की, त्यांची पत्नी आणि मुलगी यांना घरात झोपेत गोळ्या घातल्या गेल्या.

मारेकऱ्यांचे पैसे कुठून आले, हे जरूर सांगा. एका जिल्हा शाखेत निवृत्त कामगारांची ‘संशोधन व माहिती समिती’ कागदोपत्री उभी केली गेली, तिच्या सदस्यांच्या नावे संघटनेचे धनादेश निघाले आणि वटवलेली रोकड त्यांच्याकडून परत घेतली गेली. अशा रीतीने वीस हजार डॉलर जमले, तेही कामगारांच्याच वर्गणीतून. शाखेचे पदाधिकारी सदस्यांना जबाबदार असते, तर हे धनादेश कोणाच्या तरी नजरेत खुपले असते.

राजवाडा_वकील

कायदा नव्हता अशी श्रोत्यांची समजूत होऊ देऊ नका. अमेरिकेत १९५९ पासून युनियनच्या निवडणुकांत गुप्त मतदान सक्तीचे होते आणि शाखा वरून चालवण्यावर बंधने होती. तरी जिल्हा शाखांबाबत सरकारने १९६४ मध्ये भरलेल्या खटल्याचा निकाल १९७२ मध्ये लागला आणि याब्लोन्स्की यांनी मतदानापूर्वी चौकशी मागितली असता कामगार खात्याने ती नाकारली.

आपल्याकडे १९२६ च्या ट्रेड युनियन्स ॲक्टने सदस्याला हिशेबाच्या वह्या पाहण्याचा हक्क दिला आणि दरवर्षी तपासलेला हिशेब निबंधकाकडे पाठवणे बंधनकारक केले. पदाधिकाऱ्यांची निवड गुप्त मतदानानेच व्हावी, असे मात्र त्या कायद्याने कोठे म्हटले नाही.

बदलीवाल्याचा मुलगा

वर्गणीदार यांचे म्हणणे मला अर्धेच पटते. माझे वडील मिलमध्ये आधी बदली (गैरहजर कामगाराच्या जागी लागणारे) आणि मग कायम कामगार होते. पगाराच्या दिवशी गेटवर वर्गणीची पावती फाडली जाई आणि ती घरी देवघरातल्या डब्यात ठेवली जाई, इतका त्या कागदावर विश्वास होता. ज्याची मेंबरी नाही, त्याची दाद कोण घेणार, ही धास्तीही त्यात होती. हिशेबाची वही पाहायला मागता येते, हे त्यांना कोणी कधी सांगितले नाही. सांगितले असते, तरी फोरमन आणि पुढारी एकाच खोलीत चहा घेत असताना ती मागायची हिंमत कोणात होती?

पण लुईस यांनी सत्ता एका हाती घेतली ती मालक एकजूट होते म्हणून. चार युनियनांत वाटला गेलेला कामगार काय मिळवतो, हे आपण इंदुरात पाहिले आहे.

राजवाडा_वकील

मध्य प्रदेशच्या १९६० च्या औद्योगिक संबंध कायद्याने हाच युक्तिवाद मानला होता. प्रातिनिधिक युनियन ठरेल तिनेच वाटाघाटी कराव्यात आणि तिचा करार इतरांनाही लागू व्हावा. एकीसाठी हे योग्यच. परंतु ज्या युनियनचा मी सदस्य नाही, तिची सही माझ्या पगारावर चालते, तेव्हा तिच्या कारभारात माझा शब्द काय, हे ठरवायचे राहून गेले.

मिलपरिसर

सर्वांचे आभार. शेवटचा प्रश्न: खुनानंतर संघटना सुधारली का?

वर्गणीदार

बरीच. न्यायालयाने मे १९७२ मध्ये आधीची निवडणूक रद्द केली. डिसेंबरमध्ये सरकारी देखरेखीखाली पुन्हा मतदान झाले आणि काळ्या फुफ्फुसाच्या आजाराविरुद्धच्या (कोळशाच्या धुळीने होणाऱ्या) लढ्यातून पुढे आलेले खाण कामगार अर्नोल्ड मिलर यांनी सुमारे ७० हजार विरुद्ध ५६ हजार मतांनी बॉइल यांना हरवले. १९७४ मध्ये बॉइल खुनाच्या प्रकरणात दोषी ठरले. जिल्हा शाखांच्या निवडणुका परत आल्या आणि त्याच वर्षापासून मालकांशी झालेला करार सदस्यांच्या मतांना टाकला जाऊ लागला.

बदलीवाल्यांच्या मुलाच्या आक्षेपाला इथे आधार सापडेल, हेही मान्य करतो: मिलर यांना संघटना नीट सांभाळता आली नाही आणि १९७९ मध्ये ते पायउतार झाले. मात्र या वेळी अध्यक्षाला घालवण्यासाठी कोणाचा जीव गेला नाही.