1950 च्या आधीचं लग्न कचेरीत शोधू नका, घरातली पेटी उघडा. पटतंय का?

नारायणपेठेतली
गेलं दीड वर्ष मी आईच्या आजीचं लग्न शोधतेय आणि आता माझं मत पक्कं झालंय, त्या काळचं साधं हिंदू लग्न सरकारी कचेरीत शोधायला जाऊच नये, कारण तिथे ते नसतंच. मुंबई राज्याने लग्न नोंदणीचा कायदा केला 1953 ला, त्यानंतरही कितीतरी घरांत कुणी नोंदणी केली नाही, शेवटी 2006 ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की सगळ्या लग्नांची नोंद सक्तीची करा. पणजीचं लग्न दारात मांडव घालून भटजींसमोर लागलं, ते कुठल्या रजिस्टरात चढणार? मी एका कचेरीत तीन हेलपाटे घातले, प्रत्येक वेळी वेगळ्या खिडकीवर पाठवलं.

सापडलं कुठे, तर मामाच्या माळ्यावर. पत्र्याच्या ट्रंकेत आहेराच्या वहीखाली लग्नाची याद होती. लांबट कागद, चारी कोपऱ्यांना लावलेलं हळदकुंकू आता चॉकलेटी पडलंय, घडीवर कागद फाटलाय, आणि खाली मोडीत दोन्हीकडच्यांनी काय द्यायचं घ्यायचं ते सगळं, अगदी लुगडी किती आणि मानपानाची भांडी कुठली इथपर्यंत. मोडी मला येत नाही, ओळखीच्या एका काकांनी वाचून दिली, ते भारत इतिहास संशोधक मंडळात शिकलेत. मिती निघाली शके 1849, माघ. मी 78 मिळवून 1927 धरून बसले होते, काका म्हणाले माघ फाल्गुन येतात तोवर इंग्रजी वर्ष पालटलेलं असतं, तिथे 79 मिळवायचे. म्हणजे 1928. असा कागद कुठली कचेरी देणार मला?

कोतवालबुक
ताई लग्नापुरतं तुमचं बरोबर आहे पण त्यावरून कचेरीला जाऊच नका असं लोकांना सांगणं मला चुकीचं वाटतं. लग्न नाही मिळत पण जन्म आणि मृत्यू मिळतात, आणि त्यावरून लग्नाचा काळ काढता येतो. गाव नमुना नंबर 14 म्हणजे जन्ममृत्यूचं रजिस्टर, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतं. जन्ममृत्यू नोंदणीचा आत्ताचा कायदा 1969 चा आहे, पण ही रजिस्टरं त्याच्या कितीतरी आधीची आहेत. 2023 ला न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायला हीच दप्तरं बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे ती मागणी आली, बऱ्याच जिल्ह्यांत स्कॅनिंग झालं. मला माझ्या आजोबांच्या थोरल्या बहिणीचा जन्म तिथेच मिळाला. नोंदीत नाव नाही कारण बारसं व्हायचं होतं, फक्त बापाचं नाव, जात, तारीख आणि ‘मुलगी’. एवढ्या एका शब्दासाठी मी दोन दिवस धूळ खाल्ली आणि परत खाईन.

शनिवारवाडकर
पेटी उघडा म्हणणाऱ्यांनी एक सांगावं, ज्यांची पेटीच गेली त्यांनी काय करायचं? 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा आमचं घर नदीकडच्या बाजूला होतं. आजोबा अंगावरच्या कपड्यांनिशी पोरांना घेऊन बाहेर पडले, पाणी ओसरल्यावर परत आले तर पत्रिका, टिपणं, जमाखर्चाच्या वह्या, सगळ्याचा चिखल. आजी तो लगदा उन्हात वाळवत बसली होती असं बाबा सांगायचे. पुण्यात अशी कितीतरी घरं आहेत. आम्हाला जे काही मिळालं ते सरकारी दप्तरातून आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधून, त्यामुळे ‘कचेरीत जाऊ नका’ हे वाक्य मला अजिबात पटत नाही.

नारायणपेठेतली
पुराचं वाचून खरंच वाईट वाटलं, तुमच्या बाबतीत माझं म्हणणं लागू नाही हे मान्य. पण शाळेच्या रजिस्टरवर एवढा विश्वास नका ठेवू. त्या पिढीत किती जणांची जन्मतारीख 1 जून आहे ते तुमच्याच घरात मोजा. मुलाला शाळेत घालायला नेलं, तारीख कुणाला माहीत नाही, मास्तरांनी जून लिहिला, झालं. शिक्का असला म्हणून तारीख खरी होत नाही.

कॅम्पातली
तुम्ही सगळे एकाच प्रकारच्या घरांबद्दल बोलताय. आमच्याकडे उलट आहे, घरात काही नाही आणि चर्चच्या रजिस्टरात सगळं आहे. लग्नाच्या नोंदीत वय, धंदा, दोघांच्या वडिलांची नावं, साक्षीदारांच्या सह्या. माझ्या खापरपणजोबांच्या साक्षीदारांत एकाने नुसता अंगठा दिलाय आणि तोच माणूस पुढे दोन बाप्तिस्म्यांना पण उभा आहे, त्यावरून कळलं की तो घरातलाच असणार. इंग्रजांच्या काळात चर्च ऑफ इंग्लंडच्या अशा नोंदींच्या नकला लंडनला जायच्या, मुंबई इलाख्याच्या नकला आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्सच्या एन/3 या मालिकेत आहेत. मुसलमान घरांनी काझींकडची निकाहाची रजिस्टरं विचारावीत.

मोडीवेडी
मला दोन्ही बाजूंना एक विचारायचंय, बायका कुठे आहेत? त्र्यंबकेश्वरला आमच्या क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे तीर्थावर घराण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या गुरुजींच्या, वहीत सात पिढ्यांचे पुरुष मिळाले, पणजोबांची स्वतःची सही मिळाली, बघून अंगावर काटा आला. पण बायकोच्या जागी नुसतं ‘सौभाग्यवती’. कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या वंशावळीचं पुस्तक काढा, जुन्यात तर बऱ्याच ठिकाणी मुलगी लग्न होऊन गेली की ओळ संपली. त्यात लग्नात नाव बदलायचे, नवऱ्याने ताम्हनातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं की माहेरचं नाव त्या घरापुरतं पुसलंच. एकाच बाईचा जन्म एका नावाने, संसार दुसऱ्या नावाने आणि मृत्यूच्या नोंदीत ‘अमक्याची बायको’. पेटी असो की कचेरी, दोन्हीकडे हीच गत.

मला उपयोगी पडली ती पितृपक्षातली महालयाची यादी. त्यात आई, आजी, पणजी यांची नावं घ्यावीच लागतात, शिवाय आईचे वडील, आजोबा, पणजोबा पण. आमच्या काकूने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलेली. ज्या पणजीचं नाव वहीत नाही, कुलवृत्तांतात नाही, ते तिथे होतं. सासरचंच नाव, पण नाव तरी.

शनिवारवाडकर
हे नव्हतं सुचलं. आमच्याकडे महालय अजून होतो, गुरुजींना आजच फोन करतो, पाण्यात गेलेल्या नावांतली काही त्यांच्या तोंडपाठ असतील.

कोतवालबुक
यादी चांगलीच, पण ती पण कुणीतरी ऐकून लिहिलेली, एक पिढी गाळली की खाली सगळं सरकतं. माझ्या मते शेवटचा शब्द नोंदीचा, कारण ती घटनेच्या वेळी लिहिलेली असते.

नारायणपेठेतली
मग याद काय नंतर लिहिली होती का? ती लग्न ठरतानाच लिहिली, दोन्ही बाजूंचे लोक समोर बसून. म्हणून पेटीबद्दलचं माझं मत तेच राहील, फक्त ‘कचेरीत जाऊच नका’ हे मागे घेते. मोडीवेडी, तुमचं वाचून याद परत काढली. त्यात पणजीचं माहेरचं नाव आहे, आम्ही आयुष्यभर सासरचं नावच तिचं नाव समजत होतो, आईलाही माहीत नव्हतं. रात्री आईला फोनवर ते नाव वाचून दाखवलं तर ती बराच वेळ काही बोललीच नाही. गाव सासवडजवळचं आहे. जन्म शोधायचा तर काय करू?

कोतवालबुक
पुरंदर तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज करा. नुसतं पणजीचं नाव घालू नका, तिच्या वडिलांचं नाव, गाव आणि ‘मुलगी’ एवढ्यावर शोधायला सांगा. वर्ष एकच लिहू नका. शारदा कायदा एप्रिल 1930 ला लागू झाला, त्याने मुलीचं वय किमान 14 केलं, तुमचं लग्न त्याच्या आधीचं, म्हणजे नवरी दहा-बारा वर्षांचीही असू शकते. 1912 ते 1919 सगळी वर्षं मागा. दाद लागली नाही तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात टाका. आणि नक्कल मोडीत आली तर त्याच काकांना सोबत न्या, तिथल्या तिथे मागचं पुढचं पान पण वाचता येईल, भावंडं बहुतेक तिथेच असतात.