मदत हवी आहे: टीव्ही गेमच्या रिमोटवर डावीकडे जात नाही

तिसरा_मजला: रिमोट उघडून पुसला, तरी डावीकडे जात नाही. अंगठा रोवून दाबलं तर कधीतरी चालतं. शनिवारी भाचे येणार आहेत. काय बदलायचं, लवकर सांगा.

काळी_टिकली: कुठला रिमोट? बाकी तीन दिशा चालतात? आणि पुसलं काय, बटणांखालचं रबर की पीसीबी (आतली सर्किटची पट्टी)? कशाने?

गच्चीवरचा: वायर तुटली असणार. पिनेपासून चार इंच कापून नवीन जोडा.

काळी_टिकली: वायर नाही. आत पाच तारा येतात: विजेच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंड, इशाऱ्यांच्या क्लॉक, लॅच आणि डेटा. आठही बटणं त्या एकाच डेटाच्या तारेवरून ओळीने जातात. तार गेली तर सगळा रिमोट मरतो, एकटं डावं नाही.

तिसरा_मजला: पिवळ्या कॅसेटवाला, आठ बिटचा, ९ पिनी. बाकी सगळं चालतं. पुसलं थिनरने.

काळी_टिकली: थिनर आधी बंद करा! प्लास्टिक विरघळतं, पीसीबीवरचा काळा कार्बनही निघतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, कापूस हलका फिरवा, घासू नका. मग अधिकच्या चिन्हासारख्या (+) दिशांच्या बटणाखालचं रबर १८० अंशांत फिरवून बसवा. बिघाड उजवीकडे गेला तर दोष रबराचा, डावीकडेच राहिला तर पीसीबीचा.

नाना_६बी: एवढं कशाला? रबराखालच्या काळ्या टिकलीवर ६बी पेन्सिल घासा, दोन मिनिटांत चालू.

काळी_टिकली: चालतं, पण थोडेच दिवस. शिशाची भुकटी पीसीबीवर सांडते आणि दोन पट्ट्या कायमच्या जोडल्या जातात. मग बटण न दाबता खेळाडू आपोआप पळत सुटतो.

नाना_६बी: घासून झाल्यावर फुंकर मारली तर सांडत नाही.

गच्चीवरचा: कॅसेटच्या पिना खोडरबरने साफ केल्यात का? चित्र स्वच्छ येतं.

तिसरा_मजला: चित्र छान आहे! रबर फिरवलं. आता डावं चालतं, उजवं नाही.

काळी_टिकली: म्हणजे रबरच. टीव्हीचा टाकाऊ रिमोट उघडा. त्याच्या रबराखाली तशाच काळ्या टिकल्या असतात. कमी वापरातल्या बटणाची टिकली ब्लेडने पातळ कापून घ्या. जुनी टिकली तासा, नाहीतर दोन्हींची जाडी मिळून बटण कायम दाबलेलं राहील. चिकटवायला सिलिकॉन सीलंट, टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच, आणि २४ तास हात लावायचा नाही. फेविक्विक नको. सिलिकॉन रबराला ते धरत नाही, वर पांढरी वाफ टिकलीवर बसते.

लॅमिंग्टन_फेरी: मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला रिमोटच्या रबरांची चौकशी करा. पुण्यात असाल तर तापकीर गल्ली. जुनं रबर सोबत न्या, भोकं जुळायला हवीत.

तिसरा_मजला: टिकली लावली. आणखी एक राहिलं होतं: उजवीकडे पळताना मध्येच खाली वाकतो. हेही रबरामुळे?

काळी_टिकली: हे आधी सांगायचं! बटण उलटं करा. मधोमध गोल खुंटी आहे, तिच्यावर बटण डुलतं. ती झिजली की सगळं बटण खाली बसतं आणि शेजारची दिशाही टेकते. खुंटी टेकते तिथे पारदर्शक ओएचपी शीटची (प्रोजेक्टरच्या प्लास्टिक कागदाची) ५ मिमी चकती चिकटवा. एकच थर देऊन खेळून बघा; दोन दिले तर चारही दिशा जड होतात.

बंद करताना स्क्रू आधी उलटा फिरवा. टक् करून जुन्या आट्यात बसला की मगच आवळा, नाहीतर प्लास्टिकमध्ये नवे आटे पडतात आणि झाकण सैल राहतं.